रॉय फेडन : ज्युपिटरचे शिल्पकार आणि परवान्याचे गणित

ब्रिस्टल शहराच्या उत्तरेस फिल्टन आणि पॅचवे ही दोन उपनगरे एकमेकांना लागून आहेत. काँकॉर्डमुळे फिल्टनचे नाव जगभर झाले. मात्र त्याच्या कितीतरी आधी, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, येथून निघालेले आराखडे पॅरिस, बर्लिन, वॉर्सा, मिलान आणि टोकियोच्या कारखान्यांत पोहोचले होते आणि त्यांवरून तेथील कामगार विमानांची इंजिने घडवत होते. त्या आराखड्यांमागे असलेले अभियंते म्हणजे सर आल्फ्रेड ह्यूबर्ट रॉय फेडन. दुसऱ्यांना परवाना देऊन आपले इंजिन बनवू द्यायचे, या एका व्यवहाराने त्यांचे काम बुडता बुडता वाचवले आणि त्याच व्यवहाराने त्यांच्यासमोर सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धी उभा केला. त्यांचे चरित्र या दोन घटनांभोवती फिरते.

फेडन यांचा जन्म ६ जून १८८५ रोजी ब्रिस्टलमधील एका सधन कुटुंबात झाला. घरात मोटार फार लवकर आली होती आणि मुलाचे मन पुस्तकांपेक्षा तिच्यातच अधिक रमले. क्लिफ्टन कॉलेजमध्ये त्यांनी अभ्यासात विशेष चमक दाखवली नाही. सैन्यात जावे अशी अपेक्षा होती. तिकडे पाठ फिरवून त्यांनी कारखान्यात उमेदवारी पत्करली आणि सोबत मर्चंट व्हेंचरर्सच्या तंत्रविद्यालयात शिक्षण घेतले. त्या काळच्या इंग्लंडमध्ये त्यांच्या थरातल्या तरुणाने हात तेलकट करणे हे फारसे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. उमेदवारी संपते न संपते तोच त्यांनी एका संपूर्ण मोटारीचा आराखडा स्वतः काढला आणि तो ब्रिस्टलच्या फिशपाँड्स भागातील ब्राझिल स्ट्रेकर या कंपनीच्या गळी उतरवला. कंपनीने मोटार घेतली आणि मोटारीबरोबर माणूसही घेतला. काही वर्षांतच ते तेथील मुख्य अभियंता झाले.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर या कारखान्याकडे विमानांच्या इंजिनांचे काम आले. रोल्स-रॉइसने आपली संपूर्ण विमान-इंजिने बनवण्याची मुभा फक्त याच एका बाहेरच्या कंपनीला दिली. हॉक आणि फाल्कन ही ती इंजिने. म्हणजे परवान्याच्या व्यवहाराची ओळख फेडन यांना प्रथम झाली ती घेणाऱ्याच्या बाजूने. दुसऱ्याचा आराखडा समोर ठेवून काम करताना कागदावर न उतरलेले ज्ञान किती महत्त्वाचे असते, हे त्यांनी तेथे पाहिले. धातूची जात, उष्णतासंस्काराची रीत, कोणता भाग किती घट्ट बसवायचा याचा अदमास, या गोष्टी आराखड्याच्या कागदात मावत नाहीत. हा धडा पुढे त्यांच्याच विरुद्ध वापरला जाणार होता.

रोल्स-रॉइसची ती इंजिने पाण्याने थंड होणारी होती. फेडन आणि त्यांचे आयुष्यभराचे सहकारी, आरेखक लिओनार्ड बटलर, यांनी स्वतःसाठी वेगळी वाट निवडली. मधोमध दांडा आणि त्याभोवती सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेले सिलिंडर, अशी रचना असलेले रेडियल इंजिन त्यांनी हाती घेतले. अशा इंजिनात प्रत्येक सिलिंडर समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या झोतात उभा असतो; त्याच्या अंगावरील पातळ पात्यांमधून उष्णता निघून जाते. पाणी नको, रेडिएटर नको, नळ्या नकोत. गोळी लागून पाणी गळण्याचीही भीती नाही. अशा इंजिनाच्या एका रांगेत सिलिंडरांची संख्या नेहमी विषम असते, कारण एकाआड एक सिलिंडर पेटवत गेल्यास दोन फेऱ्यांत सर्वांची पाळी समान अंतराने येते. म्हणून तीन, पाच, सात किंवा नऊ. आणि चौदा म्हणजे सातांच्या दोन रांगा.

त्यांचे नऊ सिलिंडरांचे इंजिन ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध संपण्यास जेमतेम पंधरवडा उरला असताना, प्रथम चालले. त्याचे नाव ज्युपिटर. आकारमान सुमारे २८.७ लिटर, प्रत्येक सिलिंडरला चार झडपा. इंजिन तयार झाले आणि त्याची गरज संपली! शांतता आली तशी सरकारी मागणी आटली. फेडन यांचा विभाग तोपर्यंत कॉसमॉस इंजिनिअरिंग या नव्या कंपनीकडे गेला होता आणि ती कंपनी १९२० मध्ये दिवाळखोरीत निघाली. दोष इंजिनाचा नव्हता. मालकांनी भलत्याच व्यापारात घातलेला पैसा बुडाला होता.

येथून पुढचे काही महिने फेडन दारोदार फिरले. ब्रिटिश हवाई मंत्रालयाला हे इंजिन टिकावे असे वाटत होते, आणि त्याच्याच आग्रहामुळे ब्रिस्टल एअरोप्लेन कंपनीने कॉसमॉसचा हा संसार विकत घेतला. आराखडे, यंत्रे, तयार इंजिने आणि माणसांची तुकडी, या सर्वांची किंमत १५,००० पौंड. पॅचवे येथील युद्धकाळातल्या जुन्या शेडमध्ये त्यांना जागा मिळाली. संचालकांनी उत्साहाने नव्हे, हिशेबाने हा विभाग घेतला होता. खर्चाला मर्यादा होती आणि ती संपत आली तरी मोठी मागणी दिसत नव्हती. १९२१ मध्ये ज्युपिटरने हवाई मंत्रालयाची नवी, अतिशय कठोर चाचणी पार केली. तरीही विभाग बंद करण्याची भाषा सुरू झाली होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसच्या विमान प्रदर्शनात ज्युपिटर मांडण्यात आले. तेथे त्याच्याकडे वळलेले ग्राहक होते नोम-रोन. विमान-इंजिनांच्या इतिहासात याहून मोठे घराणे त्या वेळी नव्हते. पहिल्या महायुद्धात दोस्तांच्या असंख्य विमानांना त्यांची रोटरी इंजिने लावलेली होती. त्या इंजिनांत सिलिंडरांचा सारा घेर पंख्याबरोबर गरगर फिरत असे. युद्ध संपेपर्यंत त्या रचनेची मर्यादा गाठली गेली होती आणि कंपनीकडे पुढचे काही नव्हते. त्यांनी ज्युपिटरचा परवाना घेतला. परवान्याचे शुल्क आणि पाठोपाठ आलेली मायदेशातील मागणी यांमुळे फिल्टनचा इंजिन विभाग तगला. मायदेशाने संशयाने पाहिलेल्या वस्तूला परदेशाने पसंती दिली की घरचेही तिच्याकडे नव्याने पाहू लागतात. हा अनुभव परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांना नवा नसावा.

यानंतर एक लाटच आली. युद्धाने शिकवले होते की ऐन वेळी इंजिने बाहेरून मिळत नाहीत. स्वतंत्र झालेल्या पोलंड, चेकोस्लोव्हाकियासारख्या देशांना स्वतःच्या भूमीवर इंजिन घडवायचे होते. परंतु ते शून्यातून उभे करण्यास दहा वर्षे लागली असती. परवाना हा त्यावरचा जवळचा मार्ग होता. ज्युपिटर डझनाहून अधिक देशांत बनू लागले. इटलीत आल्फा रोमिओ, जर्मनीत सीमेन्स, जपानमध्ये नाकाजिमा ही त्यांतील ठळक नावे. बारा इंजिनांची अवाढव्य जर्मन उडती नौका डॉर्निए डो-एक्स प्रथम उडाली ती सीमेन्सने बनवलेल्या ज्युपिटरांवर. नाकाजिमाने ज्युपिटरवरून शिकून पुढे स्वतःचे कोतोबुकी इंजिन काढले. दीर्घायुष्य असा अर्थ असणारे जे चित्राक्षर त्यासाठी निवडले, त्याचा दुसरा उच्चार ‘जू’ असा होतो. ज्युपिटरचे पहिले अक्षर असे शिष्याच्या नावात लपून राहिले. सोव्हिएत संघाने हेच इंजिन फ्रेंचांमार्फत घेतले आणि एम-२२ या नावाने बनवले.

आपल्याकडच्या आकाशाशीही फेडन यांच्या इंजिनांचा संबंध आला. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजची लंडन ते कराची सेवा सुरू झाली. तिच्या कैरो ते कराची टप्प्यावर उडणाऱ्या डी हॅविलँड हर्क्युलस विमानांना प्रत्येकी तीन ज्युपिटर इंजिने होती. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला आणलेली टपाल-पिशवी कराचीपर्यंत पोहोचत होती ती याच मार्गाने. १ एप्रिल १९३३ रोजी, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत, भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. तिची चार वापिती विमाने ज्युपिटरवर चालत. आणि अवघ्या दोन दिवसांनी बिहारमधील पूर्णियाजवळून निघालेल्या दोन विमानांनी इतिहासात प्रथमच एव्हरेस्ट शिखरावरून उड्डाण केले. त्या विमानांत ज्युपिटरची पुढची पिढी, पेगासस, बसवलेली होती. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की इंजिनाचाही दम कोंडतो. पेगाससला यांत्रिक पंख्याने दाबून हवा पुरवली जात असे.

ही मोठ्या इंजिनांची कथा झाली. फेडन यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा भाग मात्र छोट्या इंजिनांत दडलेला आहे, आणि त्याची चर्चा तुलनेने कमी होते.

ज्युपिटरबरोबरच फेडन यांनी तीन सिलिंडरांचे ल्युसिफर काढले होते. प्रशिक्षणाच्या विमानांसाठी सुमारे शंभर अश्वशक्तीचे स्वस्त इंजिन हवे होते; ज्युपिटरच्याच व्यासाचे तीन सिलिंडर घेतले की काम झाले, असा सरळ विचार त्यामागे होता. तीनच सिलिंडर, तेही मोठाले, म्हणजे दोन स्फोटांमध्ये फार अंतर. त्यामुळे असे इंजिन गुळगुळीत चालणे कठीणच. तरी तत्त्व पक्के झाले : एक सिलिंडर उत्तम साधला की त्याच्या गुणाकाराने इंजिनांचे अख्खे कुटुंब उभे करता येते. १९२८ च्या सुमारास हे तत्त्व पूर्णत्वाला गेले. थोड्या आखूड धावेचा नवा सिलिंडर तयार झाला. त्याचा व्यास १४६ मिलिमीटर आणि धाव १६५ मिलिमीटर. आधीच्या ज्युपिटरमध्ये सिलिंडरचे माथे वेगळे करून वरून आवळलेले असे आणि उष्णतेने ते दगा देई. आता घडीव ॲल्युमिनियमचे माथे सिलिंडरवर आट्यांनी घट्ट बसू लागले. असे पाच सिलिंडर म्हणजे टायटन, सात म्हणजे नेपच्यून, नऊ म्हणजे मर्क्युरी.

टायटन हे दोनशे-सव्वादोनशे अश्वशक्तीचे लहानसे, पंचकोनी इंजिन. ब्रिस्टलच्या दृष्टीने ते किरकोळ प्रकरण होते. नोम-रोनने त्याचाही परवाना घेतला. त्या कंपनीची सूत्रे आता पॉल-लुई वेइये या महत्त्वाकांक्षी माणसाकडे होती. पहिल्या युद्धातील नावाजलेला वैमानिक असलेल्या वेइये यांना दरसाल ब्रिस्टलकडे पैसे पाठवणे खुपत होते. त्यांच्या अभियंत्यांनी एवढ्या वर्षांत ज्युपिटरमध्ये स्वतःच्या सुधारणा केल्या होत्या. कागदावर न उतरणारे ज्ञान त्यांच्या हातांत आता आले होते. टायटनने त्यांना नवा सिलिंडर दिला. त्यावरून त्यांनी ‘के’ मालिका बांधली : ५-के, ७-के, ९-के आणि १९२९ मध्ये दोन रांगांचे १४-के, मिस्त्राल माजोर. मालिका आपली आहे, असे म्हणत त्यांनी ब्रिस्टलचे शुल्क थांबवले.

यात चोरी कोठे आणि शिक्षण कोठे, हे ठरवणे सोपे नाही. सिलिंडरचा व्यास आणि धाव फिल्टनच्याच होत्या. दोन रांगांचे धाडस मात्र पॅरिसचे होते. त्या क्षणी फेडन यांच्याकडे चौदा सिलिंडरांचे तोडीस तोड इंजिन नव्हते. परवाना घेणारा विद्यार्थी गुरूच्या पुढे एक इयत्ता गेला होता.

आणि त्याने स्वतःच परवाने विकायला सुरुवात केली. सात सिलिंडरांचे ७-के इटलीत पियाजिओने स्टेला म्हणून बनवले. १४-के इटली, हंगेरी, रुमानिया आणि सोव्हिएत संघात गेले. पोलंडची गोष्ट तर बोलकी आहे. तेथील पी-११ लढाऊ विमानाला परवान्यावर बनवलेले मर्क्युरी होते, परंतु ब्रिस्टलच्या करारात ते इंजिन बसवलेली विमाने परदेशी विकण्यास मनाई होती. म्हणून निर्यातीसाठी पोलिश अभियंत्यांनी त्याच विमानाची पी-२४ ही आवृत्ती केली आणि तिला नोम-रोनचे १४-के लावले. आपली मालमत्ता जपण्यासाठी घातलेल्या अटीने ब्रिस्टलने गिऱ्हाईक प्रतिस्पर्ध्याच्या दारात नेऊन सोडले. कळस म्हणजे १९३० च्या दशकाच्या मध्यावर खुद्द इंग्लंडमधील अल्विस कंपनीने नोम-रोनकडून परवाने घेतले. फिल्टनमध्ये रुजलेले बीज पॅरिसला वाढून कॉव्हेंट्रीला परतले!

फेडन यांनी याला दिलेले उत्तर त्यांच्या स्वभावाला साजेसे, म्हणजे सर्वांत अवघड होते. दोन रांगांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला चार झडपा देऊन त्या हलवायच्या, तर दांड्यांचे जंजाळ आवरत नाही. तेव्हा झडपाच काढून टाकाव्यात, असे त्यांनी ठरवले. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक पातळ पोलादी बाही बसवायची. ती वर-खाली आणि किंचित आडवी सरकत राहते आणि तिची भोके सिलिंडरच्या भोकांसमोर आली की वायू आत-बाहेर जातो. स्लीव्ह व्हॉल्व्ह म्हणून ही पद्धत ओळखली जाते. १९३२ मध्ये या जातीचे पर्सियस चालले आणि पाठोपाठ त्याच घराण्यातले छोटे भावंड, पाचशे अश्वशक्तीचे अक्विला आले.

प्रयोगशाळेत बाही उत्तम चाले. तिचे खरे दुखणे कारखान्यात होते. एकेक बाही एकेका सिलिंडरशी हाताने जुळवावी लागे. कोठलीही बाही उचलून कोठल्याही सिलिंडरमध्ये घातली की तेल जळे किंवा ती अडकून बसे. असे इंजिन हजारोंनी बनवता येत नाही आणि युद्ध तर दारात उभे होते. धातूची मिश्रणे, कठीण करण्याच्या रीती, घासून गोल करण्याच्या पद्धती, यांचे अक्षरशः हजारो प्रयोग झाले. संचालकांचा पैसा आणि धीर दोन्ही खर्ची पडत होते. १९३८ च्या सुमारास उत्तर सापडले. चौदा सिलिंडरांचे हर्क्युलस यानंतर ५७,००० हून अधिक संख्येने तयार झाले. स्टर्लिंग, हॅलिफॅक्स, वेलिंग्टन, बोफायटर अशा विमानांनी ते वाहिले. युद्धकाळात नेपियर कंपनीचे सेबर इंजिन बाहीपायी अडले, तेव्हा सरकारने ब्रिस्टलला हे ज्ञान त्यांच्या स्वाधीन करायला लावले.

१९३७ मध्ये फेडन यांना जर्मनीतील विमान कारखाने पाहण्याचे निमंत्रण आले. तेथील उत्पादनाचा वेग पाहून ते हादरले. परत येऊन त्यांनी सरकारला सविस्तर इशारा दिला. त्याची गंभीर दखल कोणी घेतली नाही. फेडन हे अतिशयोक्ती करणारे, स्वतःचेच घोडे दामटणारे गृहस्थ आहेत, असा त्यांच्याविषयी वरिष्ठ वर्तुळात समज होता. तो सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येणार नाही. ते विश्रांती घेत नसत आणि इतरांनाही घेऊ देत नसत. बटलरसारखा शांत माणूस इतकी वर्षे त्यांच्याबरोबर टिकला, यात दोघांचेही श्रेय आहे. संचालक मंडळाशी मात्र त्यांचे कधी जमले नाही. कंपनी विमाने बांधणाऱ्या घराण्याची होती आणि तिला मोठे केले होते इंजिन विभागाने. हा ताण वर्षानुवर्षे साचत गेला.

जानेवारी १९४२ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी, हर्क्युलसचे उत्पादन भरात असताना आणि अठरा सिलिंडरांचे सेंटॉरस तयार होत असताना, ते ब्रिस्टलमधून बाहेर पडले. बावीस वर्षांत घडवलेले एकही इंजिन त्यांचे स्वतःचे नव्हते.

सरकारने त्यांना सल्लागार म्हणून घेतले. विमान उत्पादन मंत्री म्हणून नोव्हेंबरात आले ते स्टॅफर्ड क्रिप्स. त्याच वसंतात भारतात येऊन रिकाम्या हाताने परतलेले, आपल्या परिचयाचे क्रिप्स. त्यांच्यासाठी फेडन यांनी अमेरिकेतील कारखान्यांची पाहणी केली आणि १९४५ च्या जूनमध्ये पराभूत जर्मनीत फिरून जेट इंजिनांचे कारखाने आणि नॉर्डहाउझेनचे भुयार पाहिले. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीतून क्रॅनफिल्डचे विमानविद्येचे महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झाले. इंग्लंडमध्ये शिकायला येणाऱ्या भारतीय अभियंत्यांना हे नाव अपरिचित नाही.

दरम्यान नोम-रोनचे कारखाने जर्मनांच्या ताब्यात गेले होते आणि तेथील १४-एन इंजिने सहाच्या संचात जर्मनीच्या मेसरश्मिट ३२३ या अजस्र मालवाहू विमानाला लागत होती. १४-एन हे १४-के चेच सुधारलेले रूप. फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रिटिश लँकेस्टर विमानांनी लिमोझ येथील नोम-रोन कारखाना उद्ध्वस्त केला. आतील कामगार स्त्रियांना पळता यावे म्हणून तुकडीप्रमुख लेनर्ड चेशायर यांनी आधी अगदी खालून काही घिरट्या घातल्या. युद्धानंतर नोम-रोनचे राष्ट्रीयीकरण होऊन स्नेकमा ही कंपनी झाली. तिने नोरॅटलास मालवाहू विमानासाठी इंजिन निवडले ते ब्रिस्टलचे हर्क्युलस, आणि रीतसर परवाना घेऊन ते फ्रान्समध्ये बनवले. १९४७-४८ मध्ये काश्मीरच्या लढाईत भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमाने उडाली, त्यांच्या नाकात सेंटॉरस होते. फेडन यांचा तोवर या दोन्हींशी काही संबंध उरला नव्हता.

त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढून पाहिली. तिचे प्रमुख स्वप्न होते सामान्य माणसाची मोटार, मागील बाजूस तीन सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे, बाहीचे छोटे रेडियल इंजिन असलेली. ल्युसिफरनंतर पंचवीस वर्षांनी ते पुन्हा तीन सिलिंडरांकडे आले होते. रस्त्यावर ते नीट साधले नाही. चाचणीत गाडी उलटली, पैसा संपला आणि १९४७ मध्ये कंपनी गुंडाळावी लागली. पुढे ते इतर कंपन्यांचे सल्लागार राहिले, ब्रिटिश विमान-उद्योगाच्या भवितव्यावर त्यांनी १९५७ मध्ये पुस्तक लिहिले आणि वेल्समधील ब्रेकनशायरमध्ये नदीकाठच्या एका जुन्या गिरणीच्या घरात मासेमारीच्या छंदात रमले. तेथेच २१ नोव्हेंबर १९७३ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. फिल्टनमध्ये तेव्हा काँकॉर्डची बांधणी चालू होती. तिची इंजिने पॅचवे आणि स्नेकमा मिळून बनवत होते.